नवव्या अध्यायाविरुद्ध आमचं गाव

आमच्या गावात पोथी कोणी वाचत नाही, ऐकतात. त्यातही एक जागा अशी आहे की तिथं ऐकतसुद्धा नाहीत. दर श्रावणात मारुतीच्या देवळात महाराजांच्या पोथीचा सप्ताह बसतो. हे महाराज आमच्याच भागात पायी फिरून गेलेले, आणि त्यांच्या कुणा भक्ताने त्यांच्यावर ओव्या रचून ठेवलेल्या. बाकीचे अध्याय शांततेत पार पडतात. बाया वाती वळतात, म्हातारे डुलक्या घेतात. नवव्या अध्यायात महाराज भर उन्हाळ्यात आमच्या गावाच्या वेशीत पाऊल ठेवतात, तेव्हा मात्र मंडळी सावरून बसतात. पोथी सांगणारे बुवा थांबतात, आणि सगळं गाव एका दमात ओरडायला लागतं, ‘महाराज की जय! महाराज की जय!’ टाळ, ढोलकी, शिट्ट्या, काही नाही मिळालं तर ताट वाजवायचं. घसे बसेपर्यंत हे चालतं. मग बुवा पान उलटतात, कुंकवाची खूण असलेल्या ओवीवर बोट ठेवतात आणि तिथून पुढं वाचू लागतात. तोवर महाराज आमच्या गावातून निघून गेलेले असतात.

त्या गोंगाटात काय बुडवलं जातं, हे प्रत्येकाला लहानपणी एकदा कानात सांगितलं जातं. महाराजांनी आमच्या गावात पाणी मागितलं, कुणी दिलं नाही, आणि ते म्हणाले की या गावात कुणी पोरगी देऊ नका. आमच्या पूर्वजांनी यावर काढलेला उपाय हा असा, की महाराजांचाच जयजयकार करून महाराजांना बोलू द्यायचं नाही. पोथीचा अपमान नाही, गावाची बेअब्रू नाही, आणि पुण्य तर पदरात आहेच. यापेक्षा सोयीचा कायदा कुठल्या विधिमंडळात झाला असेल असं मला वाटत नाही.

हा कायदा पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालला. तो मोडला आमच्या वकिलाने, कायद्याची मदत घेऊन.

वकील माझा वर्गमित्र. आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावच्या कोर्टात वकिली करतो. माझं तिथंच बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. आम्ही दोघंही पस्तिशी ओलांडलेले आणि बिनलग्नाचे, पण त्यात आमचं काही वेगळेपण नाही. गावात आमच्या वयाचे असे इतके आहेत की संध्याकाळी पारावर बसायला जागा पुरत नाही. कारण कुणाला ठाऊक नाही असं नाही. शेती तुकड्याची, नोकरी नाही, आणि होळी झाली की टँकर. गावाच्या तोंडाशी पाण्याची टाकी उभी आहे, छान निळा रंग दिलेली. गल्लीगल्लीत पाईप पुरलेत, दारादारात तोट्या बसवल्यात. फक्त टाकीत पाणी कधी चढलं नाही. अशा गावात पोरगी कोण देईल? पण हे बोललं की सरपंचाला राग येतो, ठेकेदाराला राग येतो, आमदाराच्या माणसांना राग येतो. महाराजांना राग येत नाही, ते समाधिस्थ आहेत. म्हणून दोष त्यांच्यावर.

त्या वर्षी मेडशीच्या माझ्या मामाने मला एक स्थळ आणलं. मुलगी मंगरूळपीरची, सरकारी दवाखान्यात नर्स, तिशी उलटलेली, बोलायला रोखठोक. मी एकदा तिच्याशी फोनवर बोललो. तिने माझी कमाई विचारली नाही, मी दारू पितो का तेही विचारलं नाही. माझ्या आवाजावरून मी दुकानदार वाटतो, म्हणाली, आणि हसली. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बियाण्याच्या पोत्यावर तसाच बसून राहिलो. मला ती आवडली होती, हे सरळ सांगून टाकतो. चैत्रात ती वडिलांबरोबर गाव बघायला येणार होती. माझी माय त्या दिवसापासून भांडी घासायला बसली ती उठेचना.

नेमका तेव्हाच वकिलाला कुठल्याशा गावाहून नकार आला, आणि मुलीचा काका जाता जाता हसून म्हणाला की तुमच्या गावाचं तर पोथीतच लिहून ठेवलंय. वकिलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यात मोबाईलवर त्याने पाहिलं की कुठंतरी कुणीतरी कुठल्यातरी धर्मग्रंथावर बंदी मागायला कोर्टात गेलं आहे. आपली पोथी काय कमी आहे, असं त्याला वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला तो दावा तयार करूनच. पोथीची छपाई, विक्री आणि जाहीर वाचन यांवर कायमची मनाई.

‘अबे, जे कोनाले माहीत नाही थे कायले सांगत फिरून राह्यला?’ मी म्हटलं. ‘मंगरूळपीरच्या पावन्याईले अजून काही मालूम नाही.’

‘म्हनूनच बंदी पाह्यजे. कायद्यानं.’

‘अन् बंदी मागाले कोर्टात काय सांगशीन? हेच ना, का या गावात पोरगी देऊ नका?’

‘थे प्रोसिजर हाय,’ वकील म्हणाला. कायद्यातलं न पटणारं काहीही विचारलं की तो हेच म्हणतो.

मग प्रोसिजर सुरू झाली. साऱ्या गावाच्या वतीने दावा करायचा, तर आधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. वकिलाने ती दिली, आणि कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून ठळक अक्षरात दिली. जी ओवी दडपायला आमचे आजे-पणजे घसे फोडून ओरडले, ती आता गावाच्या नावासकट जिल्हाभर चहाच्या टपऱ्यांवर वाचली जाऊ लागली. भजी बांधून घरी नेलेल्या कागदावरही मी ती पाहिली. गावात मात्र वकिलाचा सत्कार झाला.

कोर्टाने पोथीची पूर्ण प्रत मागितली. वकिलाने फक्त त्या एका पानाची झेरॉक्स जोडली होती. देवळातली पोथी द्यायला विश्वस्त तयार होईनात. देवाची पोथी कोर्टाची पायरी चढणार नाही, असं ते म्हणाले, आणि त्याच बैठकीत बंदीच्या ठरावावर सह्या करून उठले. मग वकील आणि मी मालेगावच्या बाजारात गेलो. तिथं एका जैन शेटजींचं पूजेचं सामान आणि पोथ्यांचं दुकान आहे. शेटजी गल्ल्यावरून न उठताच म्हणाले, ‘पारायणाले पाह्यजे का बंदीले?’

‘तुमाले काय करनं हाय?’ वकील चिडला.

‘माह्यं काही नाही, साहेब. वर्षानुवर्षं ह्या पोथ्याईवरची धूळ झटकत होतो. आता भक्तही घेऊन राह्यले अन् विरोधकही. नवा गठ्ठा मागवला हाय. नवव्या अध्यायात आमीच खूण टाकून देतो, लोकाईले शोधाले तरास नको.’

वकिलाने पोथी घेतली, सवयीने कपाळाला लावली, आणि मग जिच्यावर बंदी आणायची ती दुसऱ्या कागदांखाली दबू नये म्हणून मला वेगळी धरायला दिली. मी ती दोन्ही हातांवर धरून मोटारसायकलवर मागे बसलो. त्याने मला खड्डे चुकवत नेलं.

पुढं जे झालं ते होणारच होतं. महाराजांच्या भक्तांच्या भावना दुखावल्या. आमच्या गावाच्या आधीच दुखावलेल्या होत्या. दोन्ही बाजूंचे फ्लेक्स मालेगावात एकाच छापखान्यात छापले गेले आणि दोन्हींवर वाक्यही एकच होतं, फक्त खालचे फोटो वेगळे. भक्तांनी बाजार बंद ठेवला. आमच्या गावाने त्याचा निषेध म्हणून दुसऱ्या दिवशी बंद ठेवला. एका पुढाऱ्याने सकाळी भक्तांना पाठिंबा दिला आणि दुपारी आम्हाला, आणि दोन्हीकडे तेच जाकीट घालून आला. मोबाईलवर बातम्या देणारा एक गृहस्थ माझ्या दुकानापुढं उभा राहून, मी शापित गावातून बोलून राह्यलो, असं सांगत होता. माझं दुकान त्या गावात नाही हे त्याला सांगायला गेलो तर त्याने माझ्याच तोंडापुढं माईक धरला आणि विचारलं, ‘लग्न झालं का तुमचं?’

गावातही फाटाफूट झाली. एक गट म्हणे अख्खी पोथीच बंद करा. दुसरा म्हणे फक्त नववा अध्याय. तिसऱ्या गटाने तोडगा सुचवला की पोथी राहू द्या, आपल्या गावाच्या नावाच्या जागी शेजारच्या गावाचं नाव घालून द्या, ओवीत चपखल बसतं. हे शेजारच्या गावाला कळलं आणि त्यांनीही वकील लावून कोर्टात हरकत दाखल केली. महाराज आपल्या गावात कधी आलेच नव्हते, असं त्यांनी शपथेवर लिहून दिलं. एरवी तेच लोक महाराजांच्या पादुका आपल्याच गावात उमटल्यात म्हणून जत्रा भरवतात.

या सगळ्यात नळाच्या पाण्याचा विषय ग्रामसभेत येई आणि दाव्यामुळे पुढं ढकलला जाई. टाकीवर एक मोठा फ्लेक्स चढला. गावात तेवढी उंच जागा दुसरी नव्हती.

आणि मग एके दिवशी मामाचा फोन आला. मुलीच्या वडिलांनी नोटीस वाचली होती.

‘थे इचारून राह्यले का हेच गाव काय म्हनून,’ मामा म्हणाला. ‘मी काय सांगू, भाच्या? खोटं बोलाले मले जमत नाही, अन् खरं तं छापूनच आलं. कोर्टाचं काय होते थे पाहू म्हंतात. तोवर येनं नाही.’

मायला मी सांगितलं तेव्हा ती घासत असलेला तांब्या बाजूला ठेवून म्हणाली, ‘वकिलाले लग्न नाही करता आलं तं त्यानं साऱ्या गावचं मोडाचं ठरवलं काय?’ मला त्या दिवशी वकिलाचा इतका संताप आला की त्याच्या शेतातल्या फवारणीच्या औषधाची उधारी बंद करून टाकली. त्याहून मोठी शिक्षा माझ्या हातात नव्हती.

सुनावणीच्या दिवशी सगळं गाव ट्रॅक्टर भरभरून मालेगावला आलं. कोर्टाची खोली लहान. आम्ही भिंतीला चिकटून, दारात, खिडकीत उभे. न्यायाधीश बाई बदलून नव्या आलेल्या, आमच्या भागाबाहेरच्या. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, ‘ज्या मजकुरावर बंदी हवी आहे तो पूर्ण वाचून दाखवा.’

वकील उभा राहिला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. त्याने खाली वाकून बूट काढले, पोथी कपाळाला लावली, कापड सोडलं आणि वाचायला सुरुवात केली. महाराज भर उन्हात आमच्या वेशीत शिरले. आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघायच्या आत खोलीतलं अख्खं गाव हात वर करून ओरडलं, ‘महाराज की जय! महाराज की जय!’

कुणी ठरवून केलं नव्हतं. जन्मापासूनची सवय, तोंडं आपोआप उघडली. खिडकीतल्या एकाने खिडकीचं दारच बडवलं. दुसऱ्या बाजूला बसलेल्या भक्तांना आधी समजेना, मग तेही जोरात सामील झाले, कारण महाराजांचा जयजयकार चालू असताना गप्प कसं बसायचं? ज्या पोथीवर बंदी मागायला आम्ही गेलो, तिच्या महाराजांचा एवढा मोठा गजर त्या कोर्टात पूर्वी झाला नसेल. आणि सगळ्यात मोठा आवाज वकिलाचा होता. पोथी हातात, डोळे मिटलेले, पाय अनवाणी.

न्यायाधीश बाई टेबलावर हात आपटत होत्या. शांतता झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘हा काय प्रकार आहे? बंदी मागणारे कोण आणि विरोध करणारे कोण?’

‘सवय हाय, मॅडम,’ वकील म्हणाला.

‘पुन्हा वाचा. आवाज झाला तर खोली रिकामी करीन.’

पुन्हा वाचलं. महाराज पुन्हा वेशीत शिरले. बुवांनी स्वतःच्या तोंडावर उपरणं दाबून धरलं होतं, तरी ते फुटलंच, आणि त्यांच्या मागोमाग गाव. मग मात्र पट्टेवाल्याने सगळ्यांना बाहेर काढलं. मी दाराआडच्या कोपऱ्यात होतो आणि दोन्ही वेळा गप्प होतो, म्हणून राहून गेलो. गप्प होतो कारण मला ती ओवी ऐकायची होती. माझं लग्न तिच्यावर अडलं होतं, आणि ती मी आयुष्यात ऐकली नव्हती.

तिसऱ्यांदा वकिलाने ती वाचली. आम्हाला कानात सांगितलं गेलं होतं तेच तिच्यात होतं. पाणी मिळालं नाही, या गावी पोरगी देऊ नका. वकील पोथी मिटायला लागला, तेवढ्यात समोरच्या बाजूचे वकील म्हणाले, ‘पुढेही वाचा की.’

‘पुढचं आमच्या दाव्यात नाही.’

‘वाचा,’ न्यायाधीश बाई म्हणाल्या.

पुढं आणखी काही ओव्या होत्या, कुंकवाच्या खुणेच्या आधीच्या. त्यात महाराज वेशीबाहेर जाऊन थांबतात आणि मागं वळतात. पाणी लपवून ठेवलं म्हणून ते रागावलेले नसतात. गावात पाणीच नव्हतं, असं ते स्वतः म्हणतात. दूरच्या झऱ्यावरून डोक्यावर घागरी आणणाऱ्या सुना त्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्या सुनांच्या माना पाहून त्यांना वाईट वाटलं होतं. म्हणून ते म्हणतात की इथं पोरगी देऊ नका, जोवर घरोघरी पाणी येत नाही तोवर. पाणी येईल त्या दिवशी लेकी आपण होऊन येतील, असा आशीर्वाद देऊन ते जातात. एवढंच.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आम्ही इतकी वर्षं शाप समजून ताटं बडवत होतो, आणि आशीर्वाद त्याच गोंगाटात गेला होता. न्यायाधीश बाईंनी मनाईचा अर्ज फेटाळला. निकालात काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, पण उठताना त्यांनी वकिलाला विचारलं, ‘गावात नळ आहेत का हो?’

‘तोट्या हायेत, मॅडम,’ वकील म्हणाला.

बाहेर येऊन मी गावाला सगळं सांगितलं. बुवांना सांगितलं, सरपंचाला सांगितलं. मला वाटलं लोक आनंदाने उड्या मारतील. सरपंचाचा चेहरा मात्र असा उतरला की शाप होता तोच बरा होता, असं त्याला झालं असावं. शाप महाराजांचा होता, नळ त्याच्याकडे होते. ‘हे मांगून कोनीतरी घुसवलं असन,’ तो म्हणाला. ‘म्हंजे बदनामी डबल झाली.’ त्याच ट्रॅक्टरवर उभं राहून अपिलाचा ठराव झाला, सर्वानुमते. मी हात वर केला नव्हता, पण ते कुणी पाहिलं नाही.

मला मात्र आशा होती. मी मामाला फोन करून पुढच्या ओव्या सांगितल्या, मामाने मंगरूळपीरला सांगितल्या, आणि वैशाखात ती खरंच आली. वडिलांच्या मोटारसायकलवर मागं बसून, डोक्याला ओढणी बांधून. वेशीत टाकीखाली त्यांनी गाडी थांबवली. टाकीवर नवा फ्लेक्स होता, अपील करणारच म्हणून. तिने तो पूर्ण वाचला.

घरी मायने लखलखीत तांब्यातून पाणी दिलं. तिने ते सगळं पिऊन टाकलं आणि विचारलं, ‘काकू, पानी कुठून आनता?’

‘पोरगं आनते ना, गाडीले कॅन बांधून,’ माय म्हणाली. ‘अन् टँकर येते. तुले काही आनाचं काम नाही पडनार, बाई.’

ती उठून अंगणात गेली. भिंतीला लावलेली तोटी तिने फिरवली. आतून थोडी माती पडली आणि एक कोळी बाहेर येऊन भिंतीवर चढला. मी तिच्यामागं उभा होतो. मी घाईघाईने सांगायला लागलो की पोथीत शाप नाहीच, पुढं असं असं आहे.

‘मले माहीत हाय,’ ती म्हणाली. ‘माही आजी वाचे थे पोथी. आमच्याकडं कोनी वरडत नाही.’

‘मंग तं झालं.’

‘काय झालं? तुमाले सारं मालूम झालं, तरी टाकीवर पानी चढवाचं सोडून फलक चढवला. काहून?’

मी दुकानात दिवसभर बोलतो. कुठल्या अळीला कुठलं औषध, सगळ्याचं उत्तर माझ्याकडे असतं. तिच्यापुढं मी नुसती ती तोटी फिरवून बंद केली. ती रागावलेली नव्हती. जाताना तिने मायच्या पाया पडून घेतलं, आणि गाडीवर बसता बसता मला म्हणाली, ‘पोथीचं मले काही नाही. मानूसही बरा दिसते. तोटीले पानी आलं का फोन करजा.’

श्रावणात सप्ताह बसला. त्या खेपेला वकिलाने मालेगावहून मोठे कर्णे आणले होते. महाराज वेशीत शिरले आणि असा गजर झाला की झाडावरचे बगळे उडाले. मी आणि माय तोंड मिटून बसलो होतो, पण त्यामुळे ओव्या ऐकू आल्या असं काही झालं नाही. अपील अजून चालू आहे. टाकीवरचा फ्लेक्स उन्हाने विटला की नवा लागतो.

माय रोज सकाळी उठून आधी अंगणात जाते, तोटी फिरवून पाहते आणि पुन्हा घट्ट बंद करते. मंगरूळपीरच्या त्या मुलीचं मागच्या उन्हाळ्यात लग्न झालं, मामाने मला सांगितलं. मायला मी अजून सांगितलेलं नाही.